समुद्रकाठचं गायरान

त्या रविवारी सकाळी सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकही खेळाडू नव्हता. कुत्री होती, बाबागाड्या होत्या, आजोबांचा हात धरून चालणारी नातवंडं होती आणि हिरवळीच्या कडेला चादर पसरून न्याहारी करत बसलेलं एक कुटुंब होतं. गोल्फ खेळणारा माणूस आयुष्यात एकदा तरी इथे यायचं स्वप्न बघतो. आपल्याकडचे क्रीडापत्रकार या जागेला गोल्फची पंढरी म्हणतात. डोंबिवलीहून निघताना माझ्या मनात मात्र गोल्फचं चित्र वेगळं होतं : उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी आणि सभासदांखेरीज इतरांना मज्जाव करणारी पाटी. मी ते फाटकच शोधत होते.

"आई, फाटक नाहीये इथे. चल सरळ," लेक म्हणाली.

आम्ही सरळ चालत गेलो. पायाखालचं गवत इतकं आखूड आणि घट्ट होतं, की चपला काढाव्यात असं वाटलं. डावीकडे गावातली करडी दगडी घरं, उजवीकडे वाळूची टेकाडं आणि त्यांच्यापलीकडे उत्तर समुद्र. १९८१ सालच्या 'चॅरिअट्स ऑफ फायर' या चित्रपटात पांढऱ्या कपड्यांतली मुलं समुद्राच्या पाण्यातून धावतात, तो हाच किनारा.

माझी लेक ठाण्यात चेंदणी बंदर रस्त्यावरच्या बांदोडकर महाविद्यालयात शिकली. विद्या प्रसारक मंडळाचं ते आवार अगदी ठाण्याच्या खाडीच्या काठावर आहे. वर्गातून बाहेर पडलं की खारफुटी आणि चिखल. त्या चिखलातल्या जिवांनी तिला ओढ लावली आणि ती समुद्राच्या अभ्यासासाठी इथवर आली. सेंट अँड्र्यूजच्या पूर्व किनाऱ्यावर गॅटी मरीन लॅबोरेटरी आहे. १८९६ साली सुरू झालेली ही समुद्रजीवशास्त्राची प्रयोगशाळा आजही चालू आहे. एका खाडीच्या काठावरून दुसऱ्या समुद्राच्या काठावर, एवढाच तिचा प्रवास. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि तिच्यापाठोपाठ तीन आठवड्यांसाठी गेले.

डोंबिवलीकराला कुठल्याही गावाची ओळख आधी स्टेशनावरून होते. इथे स्टेशनच नाही. एडिनबरोहून गाडी निघते, १८९० साली पुरा झालेल्या फोर्थच्या लालसर पोलादी पुलावरून खाडी ओलांडते आणि तुम्हाला लूकर्स नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरवते. तिथून पुढे बस. सेंट अँड्र्यूजला रेल्वे होती. ती १८५२ साली आली, म्हणजे आपल्या ठाण्याच्या एक वर्ष आधी आणि कल्याणच्या दोन वर्षं आधी. १९६९ साली ती बंद झाली. कल्याणहून ठाण्याकडे सकाळी लोकलच्या दारात लटकणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल, पण रेल्वे गेल्याचं दुःख त्या गावातल्या लोकांना अजून आहे. ती परत यावी म्हणून मागणी करणारी मंडळी तिथे आहेत.

गाव अगदी लहान. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट हे तीन मुख्य रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे एका टोकाला जवळ येतात, आणि त्या टोकाला उभं आहे भग्न कॅथीड्रल. ११५८ साली बांधायला घेतलं, १३१८ साली रॉबर्ट ब्रूस राजाच्या उपस्थितीत पवित्र केलं. एकशेसाठ वर्षं लागली. स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं मंदिर होतं ते. धर्मसुधारणेच्या लाटेत १५५९ साली उद्ध्वस्त झालं आणि नंतर त्याचे दगड गावातल्या घरांना लागले. आता आभाळाखाली दोन टोकांच्या भिंती उभ्या आहेत. मधल्या गवतात कबरी आहेत, त्यांत टॉम मॉरिस बापलेकांच्याही. थोरला टॉम गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा, धाकटा त्या काळातला सर्वोत्तम खेळाडू. धाकटा १८७५ च्या नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी गेला. थोरला त्याच्यामागे बत्तीस वर्षं जगला.

नॉर्थ स्ट्रीटवर सेंट साल्व्हेटर्स कॉलेजच्या दारासमोर फरशीत 'पी' आणि 'एच' ही अक्षरं बसवलेली आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन. १५२८ साली धर्मविरोधी मतांबद्दल त्याला इथेच जिवंत जाळलं. वय अवघं चोवीस. विद्यार्थी त्या अक्षरांवर पाय देत नाहीत. पाय पडला तर परीक्षेत नापास होतो, अशी समजूत आहे. लेकीने मला हात धरून बाजूला घेतलं. मला तेव्हा आमचं ठाणं आठवलं. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू धर्माच्या वादातून मारले गेले, आणि त्यांची हकीकत युरोपात पोहोचली. मार्को पोलोच्या पुस्तकातही ठाणं आहे. कल्याण तर त्याहून जुनं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वाटाड्या ग्रंथात 'कल्लिएना' म्हणून त्याचं नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. जुनेपणात आपण कुणाला हार जाणार नाही. पण त्या गावात जुनी गोष्ट रस्त्यात, पायाखाली आहे आणि अठरा वर्षांचं पोरही तिला वळसा घालून जातं. आपल्याकडे १३२१ ची खूण मला कुठल्याही रस्त्यावर दाखवता येणार नाही.

विद्यापीठ १४१३ सालचं. बिशप हेन्री वॉर्डलॉने पुढाकार घेतला, आणि पोप म्हणून ज्याला स्कॉटलंड मानत होतं त्या तेराव्या बेनेडिक्टने मान्यतेची आज्ञापत्रं पाठवली. स्कॉटलंडमधलं हे सगळ्यात जुनं विद्यापीठ. इंग्रजी भाषिक जगात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यानंतर याचाच क्रमांक. गावात वेगळं 'कॅम्पस' नाहीच. वाण्याच्या दुकानाशेजारी तत्त्वज्ञान, बेकरीच्या वर इतिहास, अशी सगळी सरमिसळ. सत्र चालू असताना रविवारी चर्चमधून बाहेर पडलेले विद्यार्थी लाल झगे घालून बंदराच्या लांब दगडी धक्क्यावर टोकापर्यंत चालत जातात. धक्का अरुंद, समुद्र दोन्ही बाजूंना उसळलेला आणि मधून लाल रांग.

गणिताच्या शिक्षिकेला इथे आणखी एक तीर्थ भेटलं. जॉन नेपियर १५६३ साली, तेराव्या वर्षी, सेंट साल्व्हेटर्समध्ये दाखल झाला होता. पुढे १६१४ साली त्याने लॉगॅरिदम जगाला दिलं. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने लॉग टेबलचं ते पातळ पुस्तक घामेजल्या हाताने उलटलेलं आहे. त्याच विद्यापीठात जेम्स ग्रेगरीने १६७३ साली रेखावृत्ताची रेघ आखली, ग्रीनिचच्या वेधशाळेच्याही आधी. त्या रेघेची पितळी खूण साउथ स्ट्रीटच्या पदपथावर आहे. मी तिच्यावर दोन पाय दोन बाजूंना ठेवून बराच वेळ उभी होते.

साउथ स्ट्रीटवर पुढे गेलं की एक भारदस्त इमारत लागते : मद्रास कॉलेज. स्कॉटलंडमधल्या शाळेला मद्रासचं नाव कसं? अँड्र्यू बेल हा याच गावात १७५३ साली जन्मलेला माणूस. मद्रासला एगमोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा तो प्रमुख झाला. शिक्षक पुरेसे नव्हते आणि होते ते नीट शिकवत नव्हते. एकदा त्याने तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. बेलने आपल्या शाळेत वाळूची ताटं आणली आणि एका आठ वर्षांच्या मुलाला लहानग्यांना शिकवायला बसवलं. ते जमलं. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची ही 'मद्रास पद्धत' पुढे ब्रिटनभर आणि त्याबाहेरही पसरली. बेलने ठेवलेल्या पैशातून १८३३ साली गावात ही शाळा उघडली. आता तिचे वर्ग गावाच्या कडेला नव्या इमारतीत भरतात, पण नाव तेच आहे.

मी त्या इमारतीसमोर उभी राहिले ते धूळपाटीच्या आठवणीने. माझ्या आजोबांनी पंतोजींच्या शाळेत धुळीवर अक्षरं गिरवली होती, हे ते अभिमानाने सांगायचे. वरच्या इयत्तेतल्या मुलाने खालच्याला पाढे म्हणून घ्यायचे, हा त्या शाळांचा रिवाजच होता. गरिबीतून आलेली ही आपली रीत समुद्र ओलांडून गेली आणि तिथे तिला इमारत, नाव आणि मान मिळाला. ज्या शाळामास्तरांकडे बेलने ती पाहिली, त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला ते फार लागलं.

या गावाचा मराठीशी संबंध आणखी जवळचा आहे. थॉमस चॅल्मर्स १८२३ ते १८२८ या काळात इथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रभावाखालच्या सहा विद्यार्थ्यांनी मिशनकार्याचा ध्यास घेतला. त्यांतला अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेला आणि प्रसिद्ध झाला. दुसरा रॉबर्ट नेस्बिट, तो १८२७ साली मुंबईला येऊन कोकणात गेला. समुद्राच्या वाऱ्यात वाढलेल्या विद्यापीठातला हा मुलगा हर्णैला सुवर्णदुर्गाच्या समोर बसून मराठी शिकला. ज्यांच्या नावाने मुंबईचं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सनही १८२९ साली मराठी शिकायला तिकडेच गेले होते. नेस्बिटच्या मराठीची त्या काळात वाखाणणी होत असे. १८४३ साली त्याने नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा केला. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता. कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिलं, पण जातीत घ्यायला लोक तयार होईनात. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी केलेला झगडा मराठी माणसाला ठाऊक आहे. बाबा पदमनजी मुंबईत फ्री चर्चच्या ज्या शाळेत शिकले, तिथे नेस्बिट शिकवत होता, आणि याच पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं. नेस्बिट १८५५ साली मुंबईत पटकीने वारला.

त्या धर्मांतरांनी घरं मोडली, आणि श्रीपतच्या आईवडिलांचं दुःख मला लहान करायचं नाही. पण आपल्या पहिल्या कादंबरीच्या पाठीमागे, तिच्यातल्या विधवांच्या कळवळ्यामागे, या समुद्रकाठच्या गावातल्या एका वर्गाचा धागा आहे, हेही खरं.

बायकांच्या बाबतीत या विद्यापीठाची कीर्ती सुरुवातीला चांगली नव्हती. १८६२ साली एलिझाबेथ गॅरेटने वैद्यकाच्या अभ्यासासाठी इथे नाव नोंदवलं, तर विद्यापीठाने ती नोंदणी रद्द केली. बायकांना पदवीसाठी रीतसर प्रवेश मिळाला १८९२ साली. कल्याणला १८६५ साली जन्मलेली आनंदी जोशी तोवर अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर होऊन, परत येऊन, एकविसाव्या वर्षी वारलीसुद्धा होती. लेकीच्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे कल्याण स्टेशनवर हे कुणी लिहिलंय का गं?" मी काही बोलले नाही.

आता त्या गवताकडे येते, कारण लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेती यांच्या मधल्या वाळूच्या, गवताळ, कसायला निरुपयोगी पट्ट्याला 'लिंक्स' म्हणतात. मला त्यासाठी आपला एकच शब्द सुचतो : गायरान. गावाची सामायिक जमीन. इथे लोक मेंढ्या चारत, धुणी वाळत घालत, ससे पकडत, धनुर्विद्येचा सराव करत आणि काठीने चेंडू मारत. गोल्फच्या मैदानात वाळूचे जे खड्डे असतात, ते मुळात मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा शोधताना उकरले असं सांगतात. खेळ इतका बोकाळला होता की १४५७ साली राजाने त्यावर बंदी घातली, लोक धनुर्विद्या विसरतील म्हणून. पण १५५२ सालच्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टनने या जमिनीवर ससे पाळायची मुभा घेताना गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि इतर खेळ खेळायचा हक्क मान्य केला. हक्क आर्चबिशपने दिला नाही, तो आधीपासून होता. त्याने तो कागदावर कबूल केला.

तो कागद पुढे अडीचशे वर्षांनी कामाला आला. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स विकून टाकली. जमीन सशांचा धंदा करणाऱ्यांच्या ताब्यात गेली. हजारो ससे, मैदानभर बिळं. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या. १८०५ साली कोर्टाने गावकऱ्यांना तिथले ससे मारायची मोकळीक दिली. १८२१ साली जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. आणि १८९४ साली संसदेने खास कायदा केला. त्या कायद्याने लिंक्स पुन्हा नगराची झाली. १९७४ पासून एक सार्वजनिक न्यास ती सांभाळतो. न्यासाकडे आज सात मैदानं आहेत आणि सातही सार्वजनिक.

मला सगळ्यात थक्क केलं ते या गोष्टीने : १७५४ साली स्थापन झालेला, जगभर ज्याचं नाव गाजतं तो रॉयल अँड एन्शंट क्लब ओल्ड कोर्सच्या पहिल्या टी-समोर दिमाखात उभा आहे, पण त्याच्या मालकीचं एकही मैदान नाही. श्रीमंत सभासद गावाच्या गायरानावर पाहुणे आहेत. अठरा होलचा जगभरचा रिवाज याच मैदानावरून पडला. १७६४ साली बाविसांचे अठरा केले, एवढंच. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाची गावची वाट आडवी जाते. ती सार्वजनिक आहे. खेळ चालू असताना कुणी आजीबाई कुत्रा घेऊन किनाऱ्याकडे निघाली, तर चेंडू मारणारा थांबतो. ओपन स्पर्धेत नावाजलेला खेळाडू असो की करोडपती पाहुणा. मी आठवड्यातल्या एका गजबजलेल्या सकाळी हे डोळ्यांनी पाहिलं. माणसं थांबली. आजी घाईने चालली नाही.

बाजूलाच 'हिमालय' आहे. टेकाडांवर टेकाडं असलेली हिरवळ, म्हणून हे नाव. बायकांनी हात खांद्यावर नेऊन चेंडू मारणं अशोभनीय मानलं जाई, म्हणून १८६७ साली त्यांनी चेंडू हळूच ढकलायचा आपला क्लब इथे काढला. त्या मोठ्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं २०१४ साली. हिमालयावर मात्र थोडेसे पैसे भरले की कुणीही खेळू शकतं. साडी नेसून, लेकीची काठी घेऊन मीही खेळले. रॉयल अँड एन्शंट क्लबाच्या जुन्या पदकांत एक मुंबईच्या नावाचं रौप्यपदक आहे. मुंबईत १८४२ पासून गोल्फ होतं, साहेबांचं. पण आपल्याकडे आला तो खेळ, गायरान आलं नाही. खेळ कुंपणासकट आला.

सेंट अँड्र्यूजमध्ये सगळं गोड आहे असं नाही. बाहेरच्या माणसाला ओल्ड कोर्सवर एक फेरी खेळायची तर रक्कम मोठी आहे आणि सोडतीत नाव यावं लागतं. गावकऱ्यांना मात्र वर्षाचा पास स्वस्तात मिळतो. विद्यार्थी आणि पर्यटक यांच्यामुळे घरभाडी इतकी चढली आहेत, की तिथे जन्मलेल्या तरुणांना गावात राहणं परवडत नाही. लेकीला खोली मिळेपर्यंत आमच्या घरी सगळ्यांची झोप उडाली होती. एका घरमालकाने शेवटच्या दिवशी शब्द फिरवला तेव्हा इथे फोनवर मी रडले होते. पण भाडी कितीही चढोत, ते गवत कुणी बांधायला घेऊ शकत नाही. कायदा आडवा येतो, आणि कायद्याच्या आधी लोक आडवे येतात.

परत आल्यावर मी डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर गेले. नावातच रेती. सेंट अँड्र्यूजला समुद्रकाठच्या वाळूला गवत लावून धरून ठेवतात, कारण वाळू गेली की मैदान गेलं आणि गावही गेलं. इथे आमच्या खाडीची वाळू वर्षानुवर्षं उपसली गेली आणि त्या वाळूतून आमच्याच इमारती उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांवर माणसं होती, ठाण्यात अठरा लाखांवर. सेंट अँड्र्यूज वीस हजारांच्या आतलं गाव. तुलना बरोबरीची नाही, मला कळतं. एवढ्या गर्दीत जागा कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. पण ज्यांच्याकडे गर्दी जास्त, त्यांनाच मोकळी जागा जास्त लागते. आमचं भागशाळा मैदान संध्याकाळी पाहा. एका मैदानात क्रिकेटचे दहा डाव, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीमागे. कडेने चालणारे ज्येष्ठ, कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली. इथल्या लोकांना गायरान नको आहे, असं कुणी म्हणू नये.

ठाण्याच्या गावदेवी मैदानाच्या पोटात आता वाहनतळ आहे. ठाण्याच्या खाडीला मात्र थोडं बरं भाग्य लाभलं. २०१५ साली तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली तिची गणना रामसर पाणथळींत झाली. गायरानांबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलं, की गावाच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा बांधकामं हटवा आणि त्या जमिनी गावाला परत द्या. म्हणजे आमच्याकडे कायदा नाही असंही नाही. आमच्याकडे १८०५ सालच्या त्या गावकऱ्यांसारखी, कोर्टात उभी राहून ससे हाकलणारी माणसं कमी आहेत. जी आहेत ती एकेकटी पडतात. तलाव, मैदानं, खारफुटी यांसाठी अर्ज करत फिरणारे दोन गृहस्थ मी ओळखते. दोघेही सत्तरीपुढचे आहेत आणि दोघांच्याही पिशवीत कागदांची जाड चळत असते. ती चळत तरुण हातांत जायला हवी.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस पालिकेच्या नगररचना विभागात जा. तुमच्या प्रभागाचा विकास आराखडा मागा. खेळाचं मैदान आणि उद्यान म्हणून राखलेले भूखंड त्यात दाखवलेले असतात. त्यांचे सर्व्हे नंबर उतरवून घ्या, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा, आणि मग मुलांना घेऊन प्रत्यक्ष त्या जागेवर जाऊन या. जागा मोकळी असेल तर दर रविवारी तिथे चाला. मोकळी नसेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या. तो कागद जपून ठेवा.